शांतवनच्या सोलापुरात दहा दिवस

सोलापूरला जाऊन आलो म्हटलं की लोक आधी विचारतात, चादर आणली का? मी आणली नाही. ती मागाहून आली, आणि अजून तिची घडी मोडलेली नाही. दुसरा प्रश्न उन्हाचा असतो. मे महिना होता, आणि उन्हाच्या बाबतीत सोलापूर कुणाचा मुलाहिजा ठेवत नाही. तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही, तो असा की गेला होतास कशाला? तर मी तिथं शिकवायचं कसं हे शिकायला गेलो होतो, आणि दुर्दैवानं माझ्याबरोबर शांतवन होता.

शांतवन आणि मी एकाच जूनमध्ये आमच्या नगरच्या सेमिनरीत लागलो. सेमिनरी म्हणजे ख्रिस्ती मंडळ्यांसाठी, म्हणजे गावोगावच्या चर्चसाठी, पाळक तयार करणारी शाळा. मी मंडळीचा इतिहास शिकवतो. तो पाळकाचं कामकाज शिकवतो: लग्न कसं लावावं, आजाऱ्याला कसं भेटावं, भांडणाऱ्या दोन घरांच्या मधे कसं बसावं. मी एका तासासाठी तीन रात्री वाचतो, चौदा पानांची टिपणं काढतो, आणि तासाला ती सावकाश सांगतो. मुलं उतरून घेतात. काही झोपतात. शांतवन चहा पिता पिता वर्गात शिरतो, हातात कागदाचा कपटा नसतो, आणि घंटा झाली तरी मुलं उठत नाहीत. त्याच्या वर्गातलं हसणं भिंतीतून माझ्या वर्गात येतं. मग माझ्याही वर्गातली मुलं हसतात, आणि मी पान उलटतो. दोन वर्षं मी हे सोसत आलो होतो.

एप्रिलमध्ये प्राचार्यांनी दोघांना बोलावलं. म्हणाले, "पुढच्या वर्षी एकच जागा कायम होईल. दुसऱ्याला पाळक म्हणून एखादी मंडळी घ्यावी लागेल. सोलापुरात नव्या शिक्षकांसाठी दहा दिवसांचा वर्ग आहे, दोघंही जा. तिथला अहवाल आला की ठरवू." शांतवन "बरं" म्हणाला. पाळकाचं काम हलकं असं मी म्हणत नाही. पण मला माणसांपेक्षा ग्रंथालयातली कपाटं जास्त जवळची वाटतात, आणि ती कपाटं मला सोडायची नव्हती.

दौंडनंतर

दौंडला गाडी बदलली. नगरपासून दौंडपर्यंत मी पाठटाचणं काढत बसलो होतो. पाठटाचण म्हणजे तासाचा आराखडा: प्रस्तावना, हेतुकथन, प्रतिपादन, प्रश्न, उपयोजन, प्रत्येकाला किती मिनिटं, फळ्यावर काय लिहायचं, सगळं आधी कागदावर. शांतवन खिडकीशी बसून शेजारच्या म्हातारीच्या पाटीतले कांदे निवडून देत होता. कुर्डुवाडी गेलं, माळरान लागलं. आमच्याकडे डोंगर कुठंतरी आडवा येतो आणि नजरेला बसायला जागा मिळते. इथं तसं नाही. ज्वारी निघून गेलेली काळी रानं आभाळाला टेकेपर्यंत पसरलेली, मधेच एखादी बाभूळ. शांतवनचा चेहरा मात्र स्टेशनागणिक उजळत चालला होता.

"इतका खूश का रे?" मी विचारलं.

"सोलापूर आलं की," तो म्हणाला.

दोन वर्षं एका व्हरांड्यात राहून मला माहीत नव्हतं, की हा सोलापूरचा. त्यानं सांगितलं असेलही. मी ऐकलं नसेन.

आवार

आमची सोय जुन्या मिशनच्या आवारात होती. मोठी दगडी बंगली, भोवती कडुनिंब, सुट्टीमुळं बंद असलेली शाळा. दूर गिरणीचा भोंगा व्हायचा, त्यावर सगळ्यांची घड्याळं. सकाळच्या भोंग्याला वर्ग सुरू, ऊन चढलं की बंद, उतरतीला पुन्हा.

टांग्यातून उतरलो तर स्वयंपाकघरातून एक ठेंगणी बाई पिठाचे हात पदराला पुसत धावत आली आणि तिनं शांतवनचं तोंड दोन्ही हातांत धरलं. त्याच्या गालावर पीठ लागलं. "लई वाळलास की रं," ती म्हणाली. ही सगुणाबाई. तीस वर्षं त्या आवारात भाकऱ्या थापतेय, आणि ती शांतवनची आई. हा त्याच कडुनिंबांखाली वाढला. माळी त्याला शांतू म्हणत होता, शाळेची शिपाईबाई शांतू म्हणत होती, आणि फाटकाशी चादरी विकायला बसलेला म्हातारा त्याच्याशी तेलुगूत बोलत होता. तेलुगू! मराठी, कानडी आणि वर तेलुगू. मी तीन वर्षं घालवून जी ग्रीक शिकलो ती नगरात किंवा सोलापुरात कुणी बोलत नाही.

माझ्याकडे बघून सगुणाबाई म्हणाली, "तुमीच सुधाकर मास्तर न्हवं? शांतू पत्रात लिवतो की, लई शिकलेलं मानूस हाय म्हनून. पत्र मी शाळेच्या बाईकडनं वाचून घेती."

मला बरं वाटायला हवं होतं. पण मला वाटलं, सामना सुरू व्हायच्या आधीच मैदान त्याचं निघालं.

वर्ग घेणाऱ्या एस्तेरबाई. अध्यापिका विद्यालयातून निवृत्त झालेल्या, पांढरं सुती लुगडं, जाड काचांचा चष्मा, आवाज हळू. वेगवेगळ्या ठिकाणच्या सेमिनऱ्यांतून आलेले आम्ही आठ नवे शिक्षक होतो. पहिल्याच सकाळी बाईंनी प्रत्येकाला एक कोरी वही दिली. "ही निरीक्षणवही," त्या म्हणाल्या. "दोघादोघांची जोडी. एकानं पाठ घ्यायचा, जोडीदारानं मागच्या बाकावर बसून जे दिसलं ते लिहायचं. खरं लिहा. शेवटच्या दिवशी या वह्यांवरनंच मी अहवाल लिहिते."

एकाच सेमिनरीतले म्हणून माझी जोडी शांतवनशी लागली. वहीवर नाव घालतानाच माझ्या मनात एक गोष्ट आली. या वहीत मी जे लिहीन ते बाई वाचतील आणि बाई जे लिहितील ते प्राचार्य वाचतील. दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातात काहीतरी आलं होतं.

भाकरीचा तास

तिसऱ्या दिवशी एस्तेरबाईंनी आम्हां आठ जणांना स्वयंपाकघरात नेलं. "शिकवणाऱ्यानं मधूनमधून स्वतः ढ व्हावं," त्या म्हणाल्या. "आज सगुणा शिकवेल. प्रत्येकानं एक भाकरी करायची, आणि आपल्याला कसं शिकवलं गेलं ते बघायचं."

आमच्याकडे बाजरी. ती काळसर, जाड, दुधात कुस्करून खायची. इथं ज्वारी, आणि ती पातळ, कडक करून दुरड्यांत महिनाभर ठेवतात. मोडली की कट्ट आवाज होतो. तिच्याबरोबर शेंगांची कुटलेली चटणी आणि दही. पहिल्या दिवशी मला ती पापडासारखी लागली आणि मी मनातल्या मनात नाक मुरडलं. तिसऱ्या दिवशी मी चौथी मागून घेतली होती.

सगुणाबाईंनी पीठ परातीत घेतलं, मधे आळं केलं, गरम पाणी ओतलं. मी खिशातून वही काढली आणि लिहायला लागलो: पीठ दोन मुठी, पाणी किती, मळण्याचा वेळ. मी पान उलटलं तसा सगुणाबाईंचा हात थांबला.

"आवं मास्तर, लिवून भाकर व्हती व्हय? पिठात हात घाला की."

सगळे हसले. शांतवन सगळ्यांत मोठ्यानं हसला, असं मला वाटलं. मी हात घातला. माझी भाकरी परातीला चिकटली, काठाला फाटली आणि तव्यावर पडली ती एका कडेवर. हातावर वाफ आली ती वेगळीच. शांतवनची गरगरीत, टम्म फुगलेली. अर्थात. तो या चुलीपुढं वाढला आहे.

त्या दिवशी सगुणाबाईंनी मला आणखी दोन भाकऱ्या करायला लावल्या. माझा हात धरला नाही, सांगितलं काहीच नाही. भाकरी फाटली की नुसतं "हां" म्हणायच्या आणि पिठाचा गोळा पुन्हा माझ्यापुढं ठेवायच्या. तिसरी फाटली नाही. "आली की," त्या म्हणाल्या, आणि ती त्यांनी स्वतःच्या ताटात घेतली. मला एवढा आनंद झाला की क्षणभर मी ती कुणाची आई आहे हे विसरलो.

संध्याकाळी बाई आम्हांला एका विणकराच्या घरी घेऊन गेल्या. बाहेरच्या खोलीत हातमाग, आतल्या खोलीत संसार. घरातला म्हातारा नव्या सुनेला तुटलेला धागा जोडायला शिकवत होता. गाठ मारायचा, सोडायचा आणि धागा तिच्या बोटांत द्यायचा. असं दहा-बारा वेळा. शांतवन त्याच्याशी तेलुगूत काही बोलला, म्हातारा हसला आणि आम्हांला बसायला चटई आली. परतताना एस्तेरबाईंनी विचारलं, "काय पाहिलं?" मी म्हणालो, "तोंडी सूचनांचा अभाव." शांतवन म्हणाला, "बाई, तो गाठ सोडून देत होता. आपण वर्गात गाठ मारून दाखवतो, सोडून देत नाही." बाई चालता चालता थांबल्या आणि त्याच्याकडे बघत राहिल्या.

माझ्याकडे त्यांनी तोवर तसं एकदाही बघितलं नव्हतं. मी सांगतो ना, मी लक्ष ठेवून होतो.

अक्कलकोटच्या रस्त्यावर

खरे पाठ आठव्या दिवशी होते. तेही आपसांत नाहीत, माणसांपुढं. अक्कलकोटच्या रस्त्यावर एक गाव आहे, तिथं वीस-पंचवीस घरांची मंडळी. म्हातारे पाळक आता थकलेले, जूनमध्ये कामातून सुटणार होते. तिथल्या रविवारच्या शाळेच्या शिक्षकांना आणि मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना आम्ही शिकवायचं ठरलं. एसटीनं गेलो. वळसंग मागं पडल्यावर बसमधल्या मराठीत कानडी मिसळायला लागलं. बायका भाव मराठीत विचारायच्या आणि भांडायच्या कानडीत. गावात पोचलो तर घरोघरून ताक आलं, जिरं घातलेलं. आमच्याकडे पाहुण्याला आधी चहा. तिथं त्या उन्हात चहा विचारणं म्हणजे वैर धरणं.

देऊळ, म्हणजे चर्च, लहान, पत्र्याचं. समोर सतरंजीवर चाळीसएक माणसं. आधी पाठ शांतवनचा, विषय सांत्वनभेट. मी मागच्या बाकावर वही उघडून बसलो.

त्यानं सुरुवातच केली नाही. पुढं जाऊन उभा राहिला आणि खाली बघत राहिला. लोक चुळबुळले. मग म्हणाला, "घरात माणूस गेलंय. तुमी दारात आलाय. चपला काढल्या. आता काय कराल?" आणि पुन्हा गप्प. मी मनात आकडे मोजले. अकरापर्यंत आलो तेव्हा एक तरुण म्हणाला, बायबलातलं वचन वाचीन. शांतवननं ते फळ्यावर लिहिलं. दुसरा म्हणाला, प्रार्थना. तेही लिहिलं. कुणी म्हणालं, रडू नका म्हणून सांगीन. मला वाटलं, आता हा चूक म्हणेल. त्यानं तेही लिहिलं. हे सगळं त्यानं लोकांकडे पाठ करून लिहिलं, आणि अक्षर असं की कोंबडीच्या पायांनी बरं येईल. मग त्यानं शेवटच्या रांगेतल्या एका म्हातारीला विचारलं, "आज्जी, तुमच्या घरी कुणी आलं, तवा काय बरं वाटलं?"

म्हातारी कितीतरी वेळ काही बोलली नाही. तोही बोलला नाही. मग ती म्हणाली, "पाळकसायबाला खुर्ची दिली हुती मी. त्यो खुर्चीवर बसला न्हाय. माज्याजवळ खाली बसला. बोलला न्हाय काय. लई येळ बसला."

शांतवननं फळ्याकडे पाहिलं, मग लोकांकडे. "मग आता ह्यातलं पहिलं काय लिहू?" असं त्यानं विचारलं, आणि आठ-दहा जण एकदम म्हणाले, "खाली बसा." त्यानं खडू त्या तरुणाच्या हातात दिला आणि स्वतः सतरंजीवर जाऊन बसला. एस्तेरबाईंनी चष्मा काढून पुसला.

खरं सांगतो, त्या क्षणी मला त्या म्हातारीचासुद्धा राग आला. माझं लिहिणं आपोआप सुरू झालं. ते असं होतं.

एक: पाठटाचण नाही. दोन: प्रश्न विचारून स्वतः गप्प बसतो, वेळेचा अपव्यय. तीन: चुकीची उत्तरेही फळ्यावर लिहितो. चार: फळ्याकडे तोंड करून लोकांना पाठ दाखवतो, अक्षर वाईट. पाच: पाठ पुरा न करता श्रोत्यांच्या हाती सोपवतो. आणि सहा: वाहवा मिळवायची हाव आहे. आवाराचा लाडका म्हणून वाढला, वर्गाकडूनही लाडच करून घेतो.

सहावा मुद्दा लिहून मी खाली रेघ मारली आणि गार वाटलं. तोवर माझं नाव पुकारलं गेलं. वही बाकावर ठेवून मी उठलो; शांतवन निरीक्षणासाठी माझ्या जागेशेजारी येऊन बसला.

माझा पाठ होता मंडळीची पहिली तीन शतकं. टाचण बिनचूक होतं. प्रस्तावनेला पाच मिनिटं, हेतुकथनाला दोन. तिसऱ्या पानावर मला उमगलं, की पुढच्या तीन रांगा एकमेकींत कानडीत कुजबुजताहेत आणि त्यातलं मला काही कळत नाही. मी आवाज चढवला. छळ, हौतात्म्य, परिषदा, सगळं सांगितलं. म्हातारे पाळक माझ्याकडे कौतुकानं बघत बघत झोपी गेले. प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा मी प्रश्न विचारला, उत्तर आलं नाही, दोनपर्यंत मोजलं आणि स्वतःच उत्तर दिलं. शेवटी ती शेवटच्या रांगेतली म्हातारी उठून माझ्यासाठी ताक घेऊन आली. "लई बोललासा, मास्तर," ती म्हणाली, "घसा कोरडा झाला असंल." तिला ते मनापासून म्हणायचं होतं. म्हणूनच जास्त लागलं.

वाचन

दहाव्या दिवशी सकाळी आम्ही वह्या घेऊन बंगलीच्या व्हरांड्यात बसलो. बाईंसमोर त्या ठेवायच्या आणि निघायचं, अशी माझी समजूत. माझी वही मी वरच ठेवली होती.

एस्तेरबाईंनी वह्यांना हात लावला नाही. "वह्या मला नकोत," त्या म्हणाल्या. "दरवर्षी मी हे शेवटी सांगते. एकेकानं उभं राहायचं, जोडीदाराला समोर उभं करायचं, आणि त्याच्या तोंडाकडं बघून वाचायचं. मी ऐकते आणि ऐकलेलंच अहवालात घेते. माणसाच्या पाठीमागं लिहिलेलं मी कधी घेत नाही."

मी वर ठेवलेली माझी वही परत उचलून घेतली. व्हरांड्याच्या कडेला सगुणाबाई सुपात ज्वारी निवडत बसल्या होत्या.

पहिल्या दोन जोड्या झाल्या. मग शांतवन उठला, मी त्याच्यासमोर उभा राहिलो. त्याची वही अर्ध्या पानाची. त्यानं माझ्याकडे बघून वाचलं, "सुधाकरला जेवढं ठाऊक आहे तेवढं मला दहा वर्षांत ठाऊक व्हायचं नाही. तो तयारी करतो तशी मी कधी केली नाही, याची मला लाज वाटते. पण वर्गात तो वहीशी बोलतो आणि आम्ही कडेनं ऐकतो. त्याच्या हातातला कागद कुणीतरी काढून घ्यायला हवा." एवढं वाचून तो थांबला, वही मिटली.

मग बाई म्हणाल्या, "सुधाकरराव."

मी वही उघडली. एक ते सहा. वर माझंच अक्षर, सुबक, खाली रेघ मारलेली. समोर शांतवन, हात मागं बांधून. त्याच्या खांद्याच्या पलीकडे सगुणाबाई; त्यांनी सूप खाली ठेवलं होतं. मला ते वाचता येईना. आणि वाचायचं नाही तर बोलायचं काय? माझ्याजवळ दुसरा कागद नव्हता. आयुष्यात मी कागदाशिवाय चार माणसांपुढं चार वाक्यं बोललो नव्हतो.

मी वही मिटली. "शांतवन पाठटाचण आणत नाही," मी म्हणालो, आणि माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "आणत नाही, कारण पुढचं वाक्य समोरच्या माणसाकडून येणार असतं. ते आधी लिहिता येत नाही. तो प्रश्न विचारतो आणि गप्प राहतो. परवा तो अकरा आकडे गप्प राहिला. मी मोजले. मी स्वतः दोनवर थांबतो. अकरा आकडे थांबायला समोरच्या माणसावर विश्वास लागतो. तो चुकीचं उत्तरही फळ्यावर लिहितो, खरं उत्तर त्याच्याच खाली येतं, त्यामुळं चुकलेला माणूस उठून जात नाही. फळ्याकडे वळला की तो लोकांना पाठ दाखवतो. पण त्याची पाठ वळली की लोक एकमेकांशी बोलायला लागतात, आणि तो मुद्दाम सावकाश लिहितो. हे मी तीनदा पाहिलं. आणि शेवटी तो खडू देऊन टाकतो. विणकरानं गाठ सोडून दिली तसा."

मी किती वेळ बोललो ते ठाऊक नाही. एकही गोष्ट बनवून सांगितली नाही. पाचही मुद्दे वहीतलेच होते, मी फक्त त्यांच्या शेपट्या कापल्या होत्या. दोन वर्षं भिंतीला कान लावून मी या माणसाचं जेवढं निरीक्षण केलं होतं तेवढं त्याच्यावर जीव टाकणाऱ्या मुलांनीही केलं नसेल. हेवा करणाऱ्याच्या नजरेतून काही सुटत नाही. सहावा मुद्दा मी गिळला.

बोलणं संपलं तेव्हा सगुणाबाई पदरानं डोळे टिपत होत्या. एस्तेरबाईंनी माझ्याकडे पाहिलं, जसं त्या संध्याकाळी रस्त्यात थांबून शांतवनकडे पाहिलं होतं तसं. "सुधाकरराव," त्या म्हणाल्या, "दहा दिवसांत हा तुमचा पहिला पाठ."

मला कळायला हवं होतं, की मी माझ्याच तोंडानं माझी जागा त्याला देऊन बसलो आहे. कळलं दुपारी, गाडीत, सगुणाबाईंनी बांधून दिलेली कडक भाकरी मोडताना.

परत

शांतवन आईजवळ आठवडाभर राहिला. मी एकटा परतलो. अहवाल त्याच्याआधी पोचला. प्राचार्यांनी मला बोलावून तो समोर ठेवला. शांतवनबद्दलचा मजकूर जवळजवळ शब्दन् शब्द माझाच होता. माझ्याबद्दल शेवटी दोन ओळी होत्या: यांना पुस्तकांपासून काही वर्षं लांब ठेवावं, अक्कलकोट रस्त्यावरच्या मंडळीला पाळक हवा आहे, तिथं पाठवलं तर यांचं आणि मंडळीचं, दोघांचं भलं होईल. प्राचार्य म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका." मी म्हणालो, "छे छे." खोलीत येऊन मी पुस्तकं खोक्यांत भरायला लागलो आणि पहिल्या खोक्यालाच रडलो.

दुसऱ्या दिवशी शांतवन आला. काखेत एक घडी केलेली चादर, हिरव्या-तांबड्या फुलांची. ती त्यानं खाटेवर ठेवली.

"आईनं दिलीय. तुझ्यासाठी. आणि तिला ते पान पाहिजे."

"कुठलं पान?"

"माझ्याबद्दल वाचलंस ते. तिला वाचता येत नाही, पण पत्र्याच्या पेटीत ठेवायचंय म्हणते."

"त्यावर खाडाखोड आहे," मी म्हणालो. "नीट उतरवून देतो." तो खोक्यावर बसून राहिला. मी कोरा कागद घेतला, त्याच्याकडे पाठ करून व्हरांड्यात बोललो होतो ते पाचही मुद्दे लिहिले, चांगल्या अक्षरात, आणि कागद त्याच्या हातात दिला.

त्यानं सावकाश वाचला. मग म्हणाला, "सहावा राहिला की."

मी काही बोललो नाही. त्यानंही घाई केली नाही. ती त्याची सवयच आहे.

"कधी बघितलंस?" मी शेवटी विचारलं.

"तू पाठ घ्यायला उठलास तेव्हा. वही माझ्या शेजारी उघडीच होती."

"म्हणजे तू व्हरांड्यात माझ्याबद्दल वाचून दाखवलंस, त्याच्या आधी?"

"आधीच की."

व्हरांड्यात तो माझ्यासमोर हात मागं बांधून उभा होता, तेव्हा माझ्या वहीत काय आहे ते त्याला ठाऊक होतं. ठाऊक असूनही त्यानं आपल्या अर्ध्या पानात एकही कडू शब्द येऊ दिला नव्हता. जागा गेली तेव्हा मला त्याचा जेवढा हेवा वाटला नव्हता तेवढा त्या क्षणी वाटला. जागा काय, ती मिळवता तरी येते.

"दे इकडं," मी म्हणालो. कागद परत घेतला आणि या वेळी त्याच्याकडे तोंड करून बसलो. पाचव्याच्या खाली लिहिलं: सहा: हे लिहिणाऱ्याला याचा पहिल्या दिवसापासून हेवा वाटत आला आहे, आणि अजून वाटतो.

शांतवननं वाचलं, कागदाची घडी केली, खिशात ठेवली.

"आईला हाच मुद्दा सगळ्यांत आवडंल," तो म्हणाला, आणि माझं खोकं बांधायला खाली बसला.